विचारा अक्षराचं: पत्रिकेत, बोर्डावर आणि दारावरच्या पाटीवर वळणदार फॉन्ट

तुळशीची लग्नं लागली की आमच्या बेळगावात पत्रिकांची कामं सुरू होतात आणि माझ्याकडं येणारे प्रश्नपण बदलतात. या महिन्यातले निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच गोष्टीचे होते, हातानं लिहिल्यासारखा दिसणारा वळणदार फॉन्ट कुठं वापरायचा न कसा. म्हणून हे पान यावेळी त्यालाच दिलंय. वीस वर्षं डीटीपी करतेय, पेजमेकरपासून सुरुवात केली, आणि अजूनही छान लिहिलेलं नाव दिसलं की मी रस्त्यात थांबून बघत बसते, त्यामुळं उत्तरं जरा लांबली असतील तर सांभाळून घ्या.

निपाणीहून एक ताई विचारतात: माझ्या भावाचं लग्न फेब्रुवारीत आहे, पत्रिका आम्ही घरीच मोबाईलवर तयार करतोय आणि मग प्रेसला देणार. मला हस्ताक्षरासारखा फॉन्ट फार आवडतो, सगळी पत्रिका त्यातच करावी असं वाटतंय. पण आमचे तात्या म्हणतात, हे काय लिहिलंय ते वाचायलाच येईना. कोण बरोबर?

ताई, वाचण्याच्या बाबतीत तात्या बरोबर आहेत आणि नावांच्या बाबतीत तुम्ही. पत्रिकेत दोन प्रकारचं मॅटर असतं. एक बघायचं, म्हणजे नवरानवरीची नावं, फार तर वरचं ॥ श्री गणेशाय नमः ॥. दुसरं वाचायचं, म्हणजे तारीख, मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता, निमंत्रकांची यादी. नावं लोक आधीच ओळखतात, भाचा कुठला न पुतण्या कुठला ते त्यांना माहीत असतं, त्यामुळं ती कितीही वळणदार असली तरी चालतात. पण कार्यालय कुठल्या रोडला आहे हे ओळखून चालत नाही, ते वाचावंच लागतं. म्हणून दोन नावं त्या फॉन्टमध्ये मोठी करा आणि बाकी सगळं साध्या, सरळ फॉन्टमध्ये ठेवा. आणि दोनच फॉन्ट, तिसरा आणू नका.

याचं कारण आपल्या लिपीतच आहे. इंग्लिश छोट्या अक्षरांच्या वर न खाली बरीच जागा मोकळी असते, तिथं शेपट्या काढल्या, गिरक्या घेतल्या तर खपून जातं. आपल्या अक्षराला तीन मजले असतात. मधे अक्षर, वर मात्रा-वेलांटी-रफार-अनुस्वार, खाली उकार. मोकळी जागा आधीच भरलेली. त्यात फॉन्टनं अजून लपेटे काढले की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत शिरतो आणि पाचसहा ओळींच्या मजकुराचं जाळं होतं. एका ओळीला हे होत नाही कारण तिच्या वर-खाली कुणी नसतं. तरी नावांच्या ओळीला नेहमीपेक्षा दीडपट मोकळी जागा द्याच.

आकड्यांचं तर मी हात जोडून सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका घरची साखरपुड्याची पत्रिका केली होती, सगळी एकाच लपेटेदार फॉन्टमध्ये, कारण घरच्यांना तसंच पाहिजे होतं आणि मलापण ते फार आवडलं होतं. वेळ होती ९ ची. त्या फॉन्टमधला ९ वर नुसता वेढा घेऊन शेपटी खाली सोडलेला, आणि १ पण अगदी तसाच. मी "वेळ ९ वाजता" एवढंच टाकलं होतं, सकाळी हा शब्द नव्हता. लांबच्या गावचे पाहुणे दुपारी एकला आले, तेव्हा पंगती उठत होत्या. त्यांच्यात मुलीची सख्खी आत्या होती. मी तिथं हजर होते, त्या आत्यांनी पर्समधून पत्रिका काढून मला दाखवली, बोट त्या आकड्यावर ठेवलं, आणि काही बोलल्या नाहीत. तेव्हापासून माझ्या हातून कुठलाही आकडा वळणदार फॉन्टमध्ये गेलेला नाही आणि सकाळी, दुपारी, सायंकाळी हे शब्द लिहिल्याशिवाय प्रूफ गेलेलं नाही.

आता फॉन्ट निवडायचा कसा. लोक फॉन्टची नमुन्याची ओळ बघून निवडतात आणि तिथं सगळं छानच दिसतं. तुम्ही तुमच्या पत्रिकेतले अवघड शब्द टाइप करून बघा. सगळ्यात आधी 'वऱ्हाडी'. त्यातला र अर्धा, पापणीसारखा आडवा यायला पाहिजे. फॉन्ट मराठीचा विचार करून केलेला नसला तर हा र उडी मारून ह च्या डोक्यावर रफार होऊन बसतो, नाहीतर पाय मोडलेला तसाच उभा राहतो. (टाइप करताना नुक्तावाला ऱ, मग हलंत, मग ह असं करा, साधा र घेतला तर रफारच येणार, तिथं फॉन्टची चूक नाही.) मग ज्येष्ठ, द्वितीय, कृपा, ॲड., ऑ असे शब्द. आणि आपल्या भागात गावांची नावं टाकून बघाच. 'येळ्ळूर' टाकलं की अर्ध्या फॉन्टांची परीक्षा तिथंच होते, ळ ला ळ जोडायची सवय सगळ्यांना नसते, ते मधे पाय मोडून ठेवतात. ल आणि श पण बघा. आपला दोन पाकळ्यांचा ल आणि गाठीचा श असतो, हिंदी वळणाचे वेगळे. काही फॉन्टांत दोन्ही असतात पण सॉफ्टवेअरमध्ये त्या मजकुराची भाषा मराठी निवडल्याशिवाय आपले बाहेर येत नाहीत.

सुरुवातीला फुकट मिळणारे चांगले फॉन्ट वापरा. इंडियन टाइप फाउंड्री या फॉन्ट करणाऱ्या कंपनीचा 'कलम' आहे, नीटनेटक्या हस्ताक्षरासारखा, बारीक, मध्यम, जाड अशा तीन वजनांत, आणि त्यात मराठी न इंग्लिश दोन्ही एकाच हातचं वाटतं. जास्त नखरा हवा असेल तर 'अमिता' बघा. गणेशाय नमःच्या ओळीला 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा 'जैनी' मला फार आवडतो, जुन्या जैन कल्पसूत्राच्या पोथ्यांमधल्या अक्षरावरून केलेला आहे, बोरूच्या तिरप्या टोकाचा जाड-बारीकपणा त्यात दिसतो.

आणि सोनेरी फॉइल करणार असाल तर प्रेसला देण्याआधी नावातली सगळ्यात बारीक रेघ बघा. स्क्रीनवर झूम करून सगळंच छान दिसतं. पत्रिकेच्या खऱ्या मापात कागदावर काळी प्रिंट काढा, जी रेघ तिथंच पुसट आहे ती फॉइलमध्ये तुटणार. अर्ध्या पॉइंटापेक्षा बारीक रेघ मी फॉइलला पाठवत नाही, तेवढीच बाहेरून आउटलाइन देऊन जाड करते. आणि ती प्रिंट तात्यांना द्या, चष्म्याशिवाय, संध्याकाळच्या उजेडात. त्यांनी कार्यालयाचं नाव न अडखळता वाचलं की पत्रिका पास.

अनगोळहून एक विद्यार्थी: इंग्लिश स्क्रिप्ट फॉन्ट निवडला की नाव एकदम भारी येतं पण तोच फॉन्ट ठेवून मराठी टाइप केलं की काही बदलतच नाही, साधंच अक्षर येतं. माझ्या लॅपटॉपमध्ये प्रॉब्लेम आहे का?

नाही रे बाबा, लॅपटॉप ठीक आहे. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरंच नाहीत. मग कॉम्प्युटर स्वतःहून दुसऱ्या फॉन्टमधून अक्षरं उसनी आणतो, विंडोजवर बहुतेक निर्मला किंवा मंगल हा फॉन्ट येतो. (मंगल आपल्या अक्षरकार र. कृ. जोशींनी केलेला, त्याला नावं ठेवू नकोस, तो वाचण्यासाठी आहे.) त्यामुळं फॉन्ट शोधताना यादीत देवनागरी असं निवडूनच शोध. जुने श्रीलिपीसारखे फॉन्ट वापरलेस तर उलटा प्रकार होतो, त्यांत मराठी अक्षरं इंग्लिश अक्षरांच्या जागेवर बसवलेली असायची, म्हणून फाईल ज्याच्याकडं तो फॉन्ट नाही त्याच्याकडं गेली की सगळी एबीसीडीची खिचडी दिसते.

जोडाक्षरं तुटत असतील तर सॉफ्टवेअर जुनं असेल. कोरलड्रॉ या डिझाईनच्या सॉफ्टवेअरचं एक्स६ च्या आधीचं व्हर्जन युनिकोड मराठीला (म्हणजे जिथं मराठी अक्षरांना स्वतःचे ठरलेले क्रमांक असतात, इंग्लिशची जागा घ्यावी लागत नाही) नीट नाही. फोटोशॉपमध्ये टाइपच्या सेटिंगला जाऊन वर्ल्ड रेडी लेआउट निवडायचं, जुन्या व्हर्जनांत तिथंच साउथ एशियन असं लिहिलेलं असतं.

अजून एक, तू पाठवलेल्या नमुन्यात इंग्लिश नाव सगळं कॅपिटलमध्ये आहे. स्क्रिप्ट फॉन्टमधलं कॅपिटल हे पहिल्या अक्षरासाठीच काढलेलं असतं, प्रत्येक अक्षर फेटा बांधून उभं राहिलं की एकही वाचता येत नाही. आणि मराठीत अक्षरांमधलं अंतर वाढवू नकोस, कधीच नाही. शिरोरेषा तुटते आणि शब्द पाटावर वाळत घातलेल्या सांडग्यांसारखा सुटासुटा दिसतो. ओळ भरायची असेल तर साइज वाढव.

खानापूरहून एक दुकानदार: ताई, बायको घरी केक करायची, आता तेच दुकान टाकलंय. बोर्ड करायचाय. वर कन्नड मोठं, खाली मराठी. पोराला दोन्ही स्टाईलच्या हस्ताक्षरातच पाहिजे म्हणे. डिझाईन करून आणलं तर दोन्ही ओळी एकमेकांत अडकल्यासारखं दिसूलालंय. काय करायचं ओ?

दादा, आधी अभिनंदन, वहिनींना सांगा. तुम्ही वर कन्नड मोठं म्हणालात ते बरोबरच आहे, २०२४ च्या कायदा दुरुस्तीप्रमाणं दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड आणि तेही वरच्या भागात पाहिजे, त्यामुळं बोर्डाची वाटणी तिथंच ठरते. प्रश्न उरतो तो दोन लिप्या शेजारी नांदवायचा, आणि हे काम मला सगळ्यात जास्त आवडतं.

अडकल्यासारखं का दिसतंय ते सांगते. कन्नडमध्ये जोडाक्षर आलं की दुसरं अक्षर पहिल्याच्या खाली जाऊन बसतं, त्याला ओत्तक्षर म्हणतात. 'अक्का' लिहा, 'अम्मा' लिहा, खाली एक छोटं अक्षर लोंबतंच. आणि आपल्या मराठीत वेलांटी, मात्रा, रफार सगळं वर. म्हणजे कन्नड खाली हात सोडतंय आणि मराठी वर हात करतंय, आणि दोघांच्या मधे डिझाईनवाल्यानं नेहमीची इंग्लिशच्या हिशोबाची जागा सोडलीय. त्याला सांगा, ओळींमधलं अंतर अक्षराच्या बुडापासून मोजू नको, ओत्तक्षराच्या सगळ्यात खालच्या टोकापासून मराठीच्या मात्रेच्या वरच्या टोकापर्यंत मोज, आणि तिथं निदान बोटभर मोकळं दिसलं पाहिजे. मोठ्या बोर्डावर त्या हिशोबात वाढवायचं. बऱ्याचदा एवढ्यानंच काम होतं.

मग फॉन्टचं. दोन लिप्यांना एकाच प्रकारचं हस्ताक्षर शोधायला गेलात तर मिळणं अवघड, कारण कन्नड मुळातच गोल, तिला शिरोरेषा नाही, आणि आपलं अक्षर एका आडव्या दांडीला टांगलेलं. म्हणून जोडी लावताना मी गोलाई बघत नाही, रेघेची जाडी बघते आणि अक्षर किती झुकलंय ते बघते. लांबून डोळे किलकिले करून बघायचं, एक ओळ जास्त काळी आणि दुसरी फिकट दिसली की जोडी जमली नाही. फॉन्टच पाहिजे तर 'एक टाइप'चं 'बलू' कुटुंब बघा, मराठीसाठी बलू २ आणि कन्नडसाठी बलू तम्मा २, दोन्ही एकाच विचारानं केलेले, गुबगुबीत, केकच्या दुकानाला शोभतील असे. हस्ताक्षर म्हणता येणार नाही पण आनंदी आहेत. कन्नडमध्ये 'अकाया कनडका' म्हणून एक वळणाचा फॉन्ट आहे, तो 'कलम' बरोबर मी एकदोनदा वापरलाय, कलम जाड घ्यावा लागतो.

पण दादा, तुमच्या जागी मी असते तर पेंटर शोधला असता. फ्लेक्सच्या जमान्यातपण आपल्या भागात हातानं बोर्ड लिहिणारी जुनी माणसं आहेत, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा हात कन्नड, मराठी, इंग्लिश तिन्हीत चालतो. मी लहान असताना आमच्या गल्लीच्या तोंडाला एक मामा बोर्ड लिहायला यायचे. सुतळीला खडूची पूड लावून दोन टोकांना धरायचे न मधे ओढून सोडायचे, पत्र्यावर एकदम सरळ पांढरी रेघ उमटायची. डाव्या हातात काठी, काठीच्या टोकाला फडक्याचा बोंडा, तो पत्र्याला टेकवलेला, त्या काठीवर उजवं मनगट. आधी सगळी कन्नड ओळ लिहायचे, मग मराठी, आणि तोच ब्रश, तोच रंग, तोच दाब, त्यामुळं दोन लिप्या असूनही बोर्ड एका माणसानं बोलल्यासारखा दिसायचा. फॉन्टांच्या जोड्या लावून आम्ही जे करायला बघतो ते त्यांच्या मनगटात आपोआप होतं. अशा कुणाकडून दोन्ही नावं कागदावर ब्रशनं लिहून घ्या, त्याचा पैसा नीट द्या, आणि मग ते स्कॅन करून हवं तर ॲक्रिलिकचा बोर्ड करा. पोरालापण सांगा की ते अक्षर दुसऱ्या कुठल्याच दुकानावर नसणार.

मापाचं सांगायचं तर बोर्डवाल्यांचा एक ढोबळ हिशोब आहे, दहा फुटांवरून आरामात वाचायला एक इंच उंचीचं अक्षर. रस्त्यापलीकडून, समजा चाळीस फुटांवरून वाचलं पाहिजे तर चार इंच. मराठीत ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या बुडापर्यंतची धरा, मात्रा न उकार त्यात मोजू नका. आणि वळणदार अक्षर असेल तर त्यावर अजून थोडं वाढवा. फोन नंबर, 'अंड्याशिवाय केक मिळेल' वगैरे साध्या अक्षरात.

शेवटचं, कन्नड मजकूर कन्नड शाळेत शिकलेल्या माणसाकडून तपासून घ्या, नुसतं बोलता येणाऱ्याकडून नाही. कन्नडमध्ये ए आणि ओ ऱ्हस्व न दीर्घ असे दोन-दोन आहेत, आपल्याला ती सवय नसल्यानं आपण चुकतो. तुमच्या 'केक' मधलाच के दीर्घ पाहिजे.

शहापूरहून रेडियम कटिंगवाले एक दादा: गाड्यांच्या काचेवर नावं लावतो. स्क्रिप्ट फॉन्टला मागणी आहे, 'आईची कृपा' वगैरे. पण कट केलं की अक्षरं जिथं जुळतात तिथं पण ब्लेड फिरतंय आणि तुकडे पडतात. कर्व्ह करून, कंबाईन करूनपण बघितलं, मग मधेच पांढरी भोकं दिसतात.

दादा, कोरलमध्ये कंबाईन नाही, वेल्ड करायचं, म्हणजे सगळे आकार जोडून एकच सलग आकार. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर वेगळं असतं आणि त्याची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर थोडी चढवलेली असते, म्हणून डोळ्याला ती सलग दिसते. ब्लेडला डोळे नसतात, ते प्रत्येक अक्षराच्या कडेनं फिरतं, म्हणून शिरोरेषा जिथं एकावर एक आली तिथं काप पडतो. कंबाईन केलं की जिथं दोन आकार एकावर एक आलेत तिथं कोरल भोक धरतं, तीच तुमची पांढरी भोकं. आधी मॅटर कंट्रोल क्यूनं कर्व्ह करा, म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांचे नुसते आकार होतात, मग ब्रेक अपार्ट करून ते सुटे करा, मग सगळं सिलेक्ट करून वेल्ड. ब्रेक अपार्ट केल्यावर 'कृपा' मधल्या आतल्या गोलांचे वेगळे तुकडे होतात, ते वेल्डमध्ये भरून जातात, म्हणून ते आतले गोल आधी बाजूला काढून ठेवा आणि वेल्ड झाल्यावर परत कापून घ्या. बऱ्याच फॉन्टांत ब्रेक अपार्ट न करता थेट वेल्ड केलं तरी काम होतं, आधी तेच करून बघा. मग वायरफ्रेममध्ये, म्हणजे नुसत्या कडा दाखवणाऱ्या व्ह्यूत, जाऊन बघायचं, शिरोरेषेच्या आत एकपण आडवी-उभी रेघ दिसली नाही पाहिजे. आणि कर्व्ह करायच्या आधीची टाइप केलेली कॉपी शेजारी ठेवा, नाहीतर स्पेलिंग सुधारायला परत पहिल्यापासून.

मराठीचा एक फायदा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल, वेल्ड नीट झालं की अख्खा शब्द शिरोरेषेला धरून एका तुकड्यात उचलला जातो, इंग्लिशसारखं एकेक अक्षर लावत बसायला नको. फक्त अनुस्वार न सुटी टिंबं बघून घ्या. लपेट्यांची टोकं दीड-दोन मिलिमीटरपेक्षा बारीक असली तर गाडी धुताना तिथूनच सुटायला लागतं, तेवढी जाड करा.

बेळगावातूनच एक जण, नाव देऊ नका म्हणाले: फुकट डाउनलोड केलेला स्क्रिप्ट फॉन्ट गिऱ्हाईकाच्या लोगोत वापरला तर चालतो का?

फॉन्टच्या फोल्डरमध्ये एक छोटी टेक्स्ट फाईल असते ती उघडून वाचा. 'पर्सनल यूज' असेल तर पैसे घेऊन केलेल्या कामात नाही चालत, पत्रिका असो नाहीतर लोगो. 'ओपन फॉन्ट लायसन्स' असेल तर चालतो, धंद्यालापण, फक्त तो फॉन्ट नुसता विकायचा नाही. गूगल फॉन्ट्सवरचे बहुतेक असेच आहेत, वर सांगितलेले कलम, अमिता, बलू त्यातलेच. विकत घेतलेल्या फॉन्टची फाईल प्रेसला पाठवू नका, कर्व्ह करून पीडीएफ पाठवा. एकेका फॉन्टमध्ये शेकडो जोडाक्षरं कुणीतरी बसून काढलेली असतात, महिने जातात त्यात, तर तेवढा मान ठेवूया.

चिकोडीहून एक निवृत्त गुरुजी: सप्रेम नमस्कार. नवीन घर बांधले आहे. दारावरच्या पाटीवर आडनाव मोडीत असावे अशी इच्छा आहे. घरी पणजोबांच्या काळची मोडी कागदपत्रे आहेत, मला थोडी वाचता येतात. मोडीचा चांगला फॉन्ट कोणता?

गुरुजी, नमस्कार. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

फॉन्ट आहे. मोडी २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आली आणि नोटो सान्स मोडी हा फॉन्ट फुकट मिळतो. पण तो मजकूर टाइप करण्यासाठी केलेला आहे, सगळ्या रेघा एकाच जाडीच्या. मोडी ही बोरूनं, हात न उचलता, धावत लिहायची लिपी. लिहिणारा आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेषा आखून घ्यायचा आणि मग तिच्याखाली अक्षरं ओवत जायचा, शब्दांमधे जागापण सोडायचा नाही. त्या धावण्यातच तिचं सौंदर्य आहे आणि ते टाइप केलेल्या अक्षरात येत नाही. तुम्हाला ठाऊकच असेल की मोडी लिहिताना इकार बहुतेक दीर्घ न उकार ऱ्हस्वच काढायची पद्धत होती, त्यामुळं आडनाव बाळबोधीत, म्हणजे नेहमीच्या देवनागरीत, जसं लिहितो तसंच मोडीत टाइप केलं तर जाणकाराला ते परकं वाटू शकतं.

माझं ऐकाल तर फॉन्ट नको. तुमच्या कागदांत पणजोबांच्या हातचं आडनाव कुठंतरी असेलच, सहीत, नाहीतर मजकुरात. ते शोधा. कागद दुमडून हातात धरू नका, सपाट प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये घालून तसाच नेऊन ६०० डीपीआयला स्कॅन करून आणा, फ्लॅश मारून फोटो काढू नका, शाईवर चमक येते. तेवढंच आडनाव वेगळं काढून, शाई जिथं फुटलीय तिथं हातानं कडा साफ करून मी ट्रेस करून देते, मग सागवानावर कोरता येईल नाहीतर पितळेत कापता येईल. बोरू जिथं दाबला गेला तिथली जाडी आणि जिथं शाई संपत आली तिथला बारीकपणा दोन्ही राहू देऊ, ते सरळ करायचं नाही. फक्त शिरोरेषा डाव्या-उजव्या बाजूला थोडी लांब ठेवू, पाटीच्या कडेपर्यंत, कारण मूळ कागदावर ती तशीच गेलेली असणार. खाली बाळबोधीत आणि कन्नडमध्ये छोट्या साध्या अक्षरात आडनाव आणि घर नंबर टाकू, पोस्टमनला लागेल.

स्कॅन झाला की कळवा. पाटीचं माप आत्ता ठरवू नका, आधी अक्षर बघू.